साइडबारमधला तो डबा नक्की भरतं कोण?

दिवाळीला तीनेक आठवडे असताना मावशीचा फोन, "अरे, ब्लॉगवरचं माझं इन्स्टा गेलं रे." गेलं म्हणजे नेमकं काय झालं ते तिला काही धड सांगता येईना. "पांढरं दिसतंय नुसतं आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजीत कायतरी." मावशी गिरगावात राहते, फराळाच्या ऑर्डरी घेते आणि ब्लॉगस्पॉटवर तिचा एक ब्लॉग आहे, त्यावर भाजणी किती भाजायची, अनारसा तेलात का हसतो, असलं सगळं लिहीत असते, वाचणारे पण बरेच आहेत. तो ब्लॉग मीच करून दिलेला. साइडबारला, म्हणजे लेखाच्या बाजूच्या पट्टीत, वर इन्स्टाग्रामचा डबा, त्याच्याखाली फेसबुक पेजचा डबा, तेही मीच लावलेले, कुठूनतरी कोड उचलून, आपण काय करतोय ते न कळता. लागलं, चाललं, विसरलो.

मग रविवारी मुलुंडहून निघून दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरलो, तिच्याकडे लॅपटॉप उघडून बसलो आणि दोनेक तासांत मला कळलं की मला यातलं काहीच कळत नव्हतं. नंतर वाचून, करून, मोडून जे समजलं ते इथे लिहितोय. कोड देत नाही, कोड सगळीकडे मिळतो. तो कोड करतो काय, हे साध्या मराठीत कुणी सांगत नाही, ती खरी अडचण.

तर पहिली गोष्ट. साइडबारमध्ये जे फीड, म्हणजे तुमच्या नव्या पोस्टींची रांग, दिसतं ते तुमच्या ब्लॉगमध्ये नसतंच.

आम्ही लहानपणी सुट्टीत मावशीकडे जायचो तेव्हा तिच्या मजल्यावर दोनच घरांत टीव्ही होते आणि रविवारचा पिक्चर आम्ही पोरं समोरच्यांच्या खिडकीतून, गॅलरीत उभं राहून बघायचो. टीव्ही त्यांचा, वीज त्यांची, कधी बंद करायचा ते पण त्यांच्या मनावर, आणि खिडकीशी आज कोण कोण उभं आहे ते त्यांना आतून नीट दिसायचं. पाहुणे आले की पडदा ओढायचे. आपण काय बोलणार?

आयफ्रेम नावाची जी गोष्ट आहे ती म्हणजे हीच खिडकी. ब्लॉगच्या कोडमध्ये तुम्ही एवढंच लिहिलेलं असतं की इथे तीनशे पिक्सेल रुंद, पाचशे पिक्सेल उंच अशी एक खिडकी पाड आणि आतलं दृश्य अमुक पत्त्यावरून आण. वाचक तुमचं पान उघडतो, त्याचा ब्राउझर तुमचा मजकूर ब्लॉगस्पॉटकडून आणतो, मग त्याला ही खिडकीची ओळ दिसते, मग तो स्वतःच उठून फेसबुककडे जातो आणि तिथून एक आख्खं वेगळं पान आणून त्या चौकटीत बसवतो. तुमच्या ब्लॉगला यातलं काहीही माहीत नसतं. आत फोटो आले की पडदा ओढलेला आहे, ते तुमच्या ब्लॉगला दिसतसुद्धा नाही, कारण ब्राउझरच दोन वेगळ्या साइटींना एकमेकांच्या पानात डोकवू देत नाही. ही भिंत मुद्दाम बांधलेली आहे, नाहीतर एखाद्या टुकार साइटने तुमच्या बँकेचं पान छोट्या खिडकीत उघडून आतलं सगळं वाचलं असतं.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणजे फॉन्ट का बदलता येत नाही, मराठी ब्लॉगवर आतली बटणं इंग्रजीत का, मी फीडमधली एक पोस्ट लपवू शकतो का. नाही, कारण टीव्ही समोरच्यांचा आहे.

दुसरा प्रकार स्क्रिप्टचा, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. दिसायला दोन्ही सारखेच, कॉपी-पेस्ट करायच्या चार ओळी, त्यामुळे लोक फरक करत नाहीत, मी पण करत नव्हतो. पण स्क्रिप्ट लावणं म्हणजे समोरच्यांना आपल्या घराची किल्ली देणं. ती बाहेरून येते पण चालते तुमच्या पानाच्या आत, तुमचाच कोड असल्यासारखी. ती डबा रंगवेल, फोटो नीट ओळीत लावेल, तुमच्या थीमचा फॉन्टसुद्धा घेईल, म्हणून दिसायला छान दिसतं. पण तिला वाटलं तर ती पानावरचं बाकी काहीही वाचू शकते, बदलू शकते, वाचकाला दुसरीकडे पाठवू शकते. हे मी घाबरवायला म्हणून सांगत नाहीये. २०२४ च्या जून महिन्यात पॉलिफिल डॉट आयओ नावाच्या एका स्क्रिप्टचं हेच झालं. वर्षानुवर्षं लोकांनी विश्वासाने लावलेली, जुन्या ब्राउझरांना मदत करणारी साधी गरीब स्क्रिप्ट, तिचं डोमेन, म्हणजे ती जिथून यायची तो पत्ता, दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि एक लाखाहून जास्त साइटींवर तिच्यातून वाचकांना भलत्याच ठिकाणी ढकलणारा कोड यायला लागला. त्या साइटवाल्यांनी स्वतः काहीच बदललं नव्हतं. किल्ली जुनीच होती, फक्त ती ज्याच्याकडे होती तो माणूस बदलला.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो आणि तो बराच जुना आहे. स्वतः पिशवी घेऊन मंडईत जायचं. म्हणजे वाचकाच्या फोनने फेसबुककडे जायचंच नाही, तुमच्या ब्लॉगच्या सर्व्हरने आधीच जाऊन नवीन पोस्ट आणायच्या, स्वतःकडे ठेवायच्या आणि वाचकाला आपल्याच मजकुराबरोबर द्यायच्या. यासाठी आरएसएस नावाची व्यवस्था १९९९ मध्ये नेटस्केपने काढली. आरएसएस म्हणजे एक साधी फाइल असते हो, नवीन काय आलं त्याची यादी, शीर्षक, तारीख, लिंक, थोडा मजकूर, बस. किराणावाल्याच्या फळीवर खडूने लिहिलेलं असतं ना आज काय आलंय, तसं. कुणीही यावं, वाचावं, लॉगिन नाही काही नाही.

आता यात कंपनीला काय मिळतं? काहीच नाही. जाहिरात दिसत नाही, वाचक कोण ते कळत नाही. म्हणून मोठ्या साइटींनी ही फळी एकेक करत पुसून टाकली. ट्विटरने जून २०१३ मध्ये जुना एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना माहिती द्यायचं दार, बंद केला त्याच्याबरोबर आरएसएसही गेलं, आणि त्याच वर्षी १ जुलैला गूगलने स्वतःचं रीडर, आरएसएस वाचायची त्यांची सोय, बंद केलं, तेव्हा आमच्यासारख्या लोकांनी ऑफिसात बसून अक्षरशः सुतक पाळलं होतं.

उरला चौथा प्रकार, मधला माणूस. तुम्ही एखाद्या विजेटवाल्या, म्हणजे असे तयार डबे देणाऱ्या, सर्व्हिसवर खातं उघडता, तिला सांगता की माझं इन्स्टा तू बघ, ती तुमच्या नावाने जाऊन फोटो आणते आणि तुम्हाला एक स्क्रिप्ट देते. सोपं, देखणं, फुकट, किंवा फुकटात त्यांच्या नावाची पट्टी खाली. मावशीच्या ब्लॉगला मी हेच लावलं होतं.

तर डबा कुठलाही असो, आधी विचारायचं की आणणारा कोण? वाचकाचा ब्राउझर, आपला सर्व्हर की मधला माणूस. डबा रिकामा झाला की कोणाची मान धरायची तेही यावरूनच ठरतं.

आता मावशीच्या इन्स्टाचं काय झालं ते. त्या मधल्या सर्व्हिसने फोटो आणायला इन्स्टाग्रामकडून एक टोकन घेतलेलं असतं. टोकन म्हणजे पासवर्ड नव्हे, तर रेल्वेचा पास समजा, ठराविक कामापुरता, ठराविक दिवसांचा. पहिल्यांदा मिळतो तो जेमतेम तासाभराचा असतो, तो देऊन मोठा घ्यायचा, तो चालतो ६० दिवस, आणि ते ६० दिवस संपायच्या आत पुन्हा वाढवून घ्यायचा. चांगली सर्व्हिस हे गुपचूप करत राहते. पण मालकाने मध्येच पासवर्ड बदलला तर पास रद्द, मग परत एकदा मालकाने स्वतः येऊन हो म्हणावं लागतं.

"पासवर्ड बदललास का?"

"अरे तो मोबाइल पाण्यात पडला नाही का, मग नवीन घेतला, त्यात जुना आठवेना, म्हणून बदलला."

"कधी?"

"गणपतीत."

म्हणजे डबा बंद होऊन महिना उलटला होता. सर्व्हिसने ईमेल पाठवले होते, तीन. ते गेले मी खातं उघडताना दिलेल्या माझ्या जुन्या पत्त्यावर, जो मी उघडतच नाही. यात ना इन्स्टाग्रामची चूक ना त्या सर्व्हिसची, शंभर टक्के माझी, हे मी मावशीला सांगितलं नाही. सर्व्हरला प्रॉब्लेम आहे म्हणून सांगितलं. चहा पण प्यायलो वर.

इन्स्टाग्रामच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी जुने लेख वाचून करणाऱ्यांना नडते. पूर्वी कुणाचंही साधं पर्सनल खातं एपीआयने जोडता यायचं, ते दार ४ डिसेंबर २०२४ ला बंद झालं. आता एपीआयने फीड आणायचं तर खातं बिझनेस नाहीतर क्रिएटर प्रकारचं लागतं. फुकटच आहे ते, सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं, पण न बदलता तासभर प्लगिनशी, म्हणजे ब्लॉगला जोडायच्या तयार कोडशी, झटापट करणारे लोक मी बघितलेत. आणि वर्डप्रेसमध्ये, ब्लॉगस्पॉटसारखीच ती ब्लॉग बनवायची दुसरी सोय, नुसती पोस्टची लिंक टाकली की आपोआप फोटो दिसायचा ते आठवतंय? तेही ऑक्टोबर २०२० पासून टोकनशिवाय होत नाही, फेसबुक आणि इन्स्टा दोन्हीचं. एखादीच पोस्ट किंवा आपलं प्रोफाइल दाखवायचं असेल तर मात्र कॉम्प्युटरवर इन्स्टा उघडून तीन टिंबांतून एम्बेडचा, म्हणजे आपल्या पानात बसवायचा, कोड घ्यायचा, तो चालतो, टोकनबिकन लागत नाही, ती परत खिडकीच, फक्त ती पाडायला त्यांची एक स्क्रिप्ट बरोबर येते.

ट्विटरचं, म्हणजे आताच्या एक्सचं, काय सांगू. एकेकाळी साइडबार म्हणजे ट्विटरचाच डबा असायचा, प्रत्येक पत्रकाराच्या, प्रत्येक ट्रेकवाल्या ग्रुपच्या ब्लॉगला. २०२३ च्या जून अखेरीस त्यांनी लॉगिन नसलेल्यांना दारं लावायला सुरुवात केली आणि तेव्हापासून साइडबारमधली आख्खी टाइमलाइन लॉगिन नसलेल्या माणसाला बऱ्याचदा रिकामी दिसते, नाहीतर दोन वर्षांपूर्वीची गाजलेली ट्विटं दाखवत बसते. गंमत अशी की मालकाला मात्र व्यवस्थित दिसते, कारण तो स्वतःच्या ब्राउझरमध्ये लॉगिन असतो! तो बिचारा म्हणतो माझ्याकडे तर चालू आहे. एकेकटं ट्विट लेखाच्या मध्ये लावायचं असेल तर ते अजून ठीक दिसतं, पण साइडबारला टाइमलाइन लावू नका, सरळ सांगतो, नका लावू.

फेसबुकचा पेज प्लगिन त्यामानाने टिकलाय. पूर्वी याला लाइक बॉक्स म्हणायचे, तो २०१५ मध्ये गेला आणि हा आला. त्यांच्या डेव्हलपरांच्या साइटवर पेज प्लगिनचं पान आहे, तिथे आपल्या पेजचा पत्ता टाकायचा, रुंदी-उंची द्यायची, कोड घ्यायचा. कोड दोन प्रकारे मिळतो, एक स्क्रिप्टवाला ज्याचे दोन तुकडे दोन ठिकाणी लावावे लागतात, आणि दुसरा आयफ्रेमवाला, एकाच तुकड्याचा. ब्लॉगस्पॉटवाल्यांनी डोळे मिटून दुसरा घ्यावा. रुंदी १८० ते ५०० पिक्सेलच्या मध्येच चालते, साइडबार साधारण तीनशेचा असतो, त्यामुळे न बघता ठेवलेली ३४० ची रुंदी बाहेर सांडते आणि उजवीकडची कड कापली जाते, ते लाइकचं बटण अर्धं तुटलेलं दिसतं ना ते त्यामुळे. डब्याच्या रुंदीला जुळवून घे अशी एक खूण आहे ती ठेवावी, पण लक्षात असू द्या, तो माप एकदाच घेतो, पान उघडताना. फोन आडवा केला तरी नंतर बदलत नाही.

हा प्लगिन फक्त पेजला आहे. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला नाही, सोसायटीच्या ग्रुपला नाही. आणि पेजवर वयाची किंवा देशाची काही अट असेल तर लॉगिन नसलेल्याला डबा दिसतच नाही. हे वाक्य मी कुठल्या तरी मदतीच्या पानावर वाचलं आणि सोडून दिलं होतं. पुढे येतं परत.

यूट्यूब हा सगळ्यात गुणी मुलगा. त्यांनी आरएसएस अजून चालू ठेवलंय, प्रत्येक चॅनेलचं, शेवटचे १५ व्हिडिओ त्यात येतात. आणि खिडकीच लावायची असेल तर एक युक्ती आहे, चॅनेलचा आयडी यूसी या दोन अक्षरांनी सुरू होतो, त्यातल्या सी च्या जागी यू टाकला की तो झाला त्या चॅनेलच्या सगळ्या अपलोडच्या प्लेलिस्टचा आयडी, ती प्लेलिस्ट साइडबारला एम्बेड केली की नवीन व्हिडिओ आपोआप येत राहतात, हात लावायला नको. ट्विटरसारख्याच दुसऱ्या दोन साइटी आहेत, मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय. मॅस्टोडॉनवर असाल तर प्रोफाइलच्या पत्त्याच्या शेवटी डॉट आरएसएस लावलं की झालं, ब्लूस्कायला पण प्रोफाइलच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन आरएसएस. मराठीत तिथे किती लोक आहेत ते सोडा, पण फळी पुसलेली नाही हे महत्त्वाचं.

लावायचं कुठे ते थोडक्यात सांगतो कारण ते खरंच सोपं आहे. ब्लॉगस्पॉटमध्ये लेआउट, तिथे साइडबारच्या चौकटीत गॅझेट जोडा, त्यातलं एचटीएमएल-जावास्क्रिप्टवालं गॅझेट, आत कोड, सेव्ह. आरएसएस असेल तर फीड नावाचं वेगळं गॅझेट आहे, त्यात नुसता पत्ता टाकायचा. वर्डप्रेसमध्ये अपिअरन्समध्ये विजेट्स, २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून तिथे पण ब्लॉकच असतात, तर कस्टम एचटीएमएलचा ब्लॉक नाहीतर आरएसएसचा ब्लॉक. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट ब्लॉगवर स्क्रिप्ट टाकलीत तर ती सेव्ह करताना गुपचूप खाऊन टाकतात, आणि माणूस आपलं कुठे चुकलं ते शोधत बसतो. किल्ल्या वाटू नका म्हणून केलेला नियम आहे तो, बरोबरच आहे. आणि हो, वर्डप्रेस आरएसएस एकदा आणलं की साधारण १२ तास तेच वापरतं, म्हणजे सकाळी टाकलेली पोस्ट साइडबारला संध्याकाळी दिसली तर बिघडलं समजून डोकं आपटू नका. मंडईत दर तासाला कोण जातं?

आता वेगाचं. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, मला नाही. तुमचा ब्लॉग वाचणारा माणूस कुठे आहे याचा विचार करा. तो ठाणे-दादर फास्टमध्ये दरवाज्याजवळ एका हाताने कडी धरून उभा आहे, दुसऱ्या हातात फोन, नेटवर्क मधूनच जातंय. तुमचा लेख म्हणजे चार परिच्छेद आणि दोन फोटो, येऊन जाईल. पण साइडबारच्या त्या एका डब्यासाठी त्याच्या फोनला दुसऱ्या सर्व्हरशी बोलायचं, स्क्रिप्टा उतरवायच्या, त्या चालवायच्या, मग फोटो आणायचे. बरेचदा डब्याचं सामान आख्ख्या लेखापेक्षा जड भरतं. त्यात डब्याची उंची आधी सांगितलेली नसली तर तो उशिरा उगवतो आणि बाकी मजकूर खाली ढकलतो, माणूस वाचत असतो त्या ओळीवरून घसरतो, किंवा बोट भलत्याच लिंकवर पडतं. गूगलने या ढकलाढकलीचं मापच काढलंय, सीएलएस म्हणतात, ते ०.१ च्या आत असेल तर ठीक. म्हणून डब्याला उंची आधीच देऊन ठेवायची. आणि आयफ्रेमला लोडिंग लेझी असा एक शब्द जोडायचा, म्हणजे वाचक स्क्रोल करत तिथपर्यंत पोचेपर्यंत ब्राउझर ते आणायलाच जात नाही.

पण खरी मेख वेगळीच आहे. फोनवर साइडबार बाजूला नसतोच! जागाच नाही, बहुतेक थीमा त्याला उचलून लेखाच्या खाली, कॉमेंटच्याही खाली नेऊन ठेवतात. म्हणजे आपण कॉम्प्युटरवर बसून तास तास खर्च करून जो डबा सजवतो तो निम्म्याहून जास्त लोकांसाठी प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला थांबलेला असतो, तिथपर्यंत चालत कोण जातं. ब्लॉगस्पॉटच्या काही मोबाइल थीमा तर तो दाखवतच नाहीत. मी हे आधी स्वतःच्या फोनवर बघायला हवं होतं, दोन वर्षांत एकदाही बघितलं नाही.

आणि ते खिडकीतून आतल्या माणसाला आपण दिसतो, ते राहिलंच की. मावशीच्या ब्लॉगवर कुणी बेसनाच्या लाडवांची कृती वाचायला आलं, फेसबुकच्या डब्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, तरी त्याचा फोन फेसबुककडे जाऊन आलाच, कुठल्या पानावरून आलो ते सांगून, आणि आधीची कुकी, म्हणजे साइटने ठेवलेली ओळखीची चिठ्ठी, फोनात असली तर आपण कोण तेही सांगून. वाचकाला याचा पत्ता नाही, मावशीला तर नाहीच. जर्मनीतल्या एका ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीवर नेमकी यावरून केस झाली होती, साइटवर फक्त लाइकचं बटण होतं, आणि २९ जुलै २०१९ ला युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलं की ही माहिती गोळा करून फेसबुककडे पाठवण्यापुरती साइटवाल्याचीही जबाबदारी आहे, बटण लावलं आणि हात झटकले असं चालणार नाही. ते युरोपातलं झालं, आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, फराळाच्या ब्लॉगवर कुणी धाड घालणार नाही, पण आपल्या दारात आलेल्या माणसाची नोंद आपण समोरच्यांना करून देतोय हे निदान आपल्याला तरी माहीत असावं. यूट्यूबने यासाठी नोकुकी नावाचा वेगळा पत्ता ठेवलाय, एम्बेड करताना तो वापरला की व्हिडिओ लावेपर्यंत तरी वाचकाच्या फोनात कुकी ठेवली जात नाही. दुसरा उपाय म्हणजे डब्याऐवजी आधी नुसता एक फोटो दाखवायचा आणि वाचकाने बोट लावलं तरच खरी खिडकी उघडायची. हे थोडं कोडचं काम आहे पण वेग आणि नोंद, दोन्हीला औषध एकच.

मावशीकडे काय केलं? इन्स्टासाठी नवीन टोकन घेऊन तोच डबा परत चालू करता आला असता, पाच मिनिटांचं काम होतं. पण मग पुढच्या वेळी मोबाइल पाण्यात पडला की परत हेच. म्हणून मधला माणूस काढलाच. नुसतं विजेट काढून भागत नाही बरं का, मी थीमच्या कोडमध्ये पण त्यांची एक ओळ चिकटवली होती, ती शोधून काढली, नाहीतर डबा गेला तरी किल्ली त्यांच्याकडेच राहिली असती. त्या जागी साधे चार फोटो लावले, चकली, करंजी, चिवडा, अनारसे, ब्लॉगवरच अपलोड केलेले, आणि फोटोवर बोट लावलं की तिचं इन्स्टा उघडतं. फीड नाहीच ते, हाताने लावलेली पाटी आहे. नवीन फोटो तिने महिन्यातून एकदा बदलायचा, ते मी तिला लेआउटमध्ये जाऊन करून दाखवलं, तिने भाजणीच्या वहीत मागच्या पानावर एक दोन तीन करून लिहून घेतलं. आणि ते चार फोटो साइडबारला न ठेवता लेखाच्या लगेच खाली घेतले, फोनवाल्यांना दिसावेत म्हणून.

फेसबुकचा डबा तसाच ठेवला, आयफ्रेमवाला करून. तिला दिसत होता, मला दिसत होता, म्हटलं झालं. तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. काकू फेसबुकवर नाहीत, इन्स्टावर नाहीत, कशावरच नाहीत, फोन फक्त भाचीच्या व्हिडिओ कॉलसाठी. त्यांच्या फोनवर ब्लॉग उघडला तर फेसबुकच्या जागी पांढरं!

मग आठवलं ते मदतीच्या पानावरचं वाक्य. पेजच्या सेटिंगमध्ये गेलो तर वयाची अट, १८ पूर्ण. ती कुणी घातली? पेज मीच बनवलं होतं. चिवड्याला कशाला १८ वर्षं लागतात देव जाणे. अट काढली, काकूंच्या फोनवर पान परत उघडलं, डबा भरला. तुमच्या शेजारी अशा काकू नसतील तर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, जिथे तुम्ही लॉगिन नसता, उघडून बघा, तेही चालतं, पण काकूंची सर नाही.

कारण काकूंनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, चकलीचा फोटो बघितला, इन्स्टाकडे गेल्या तर तिथे लॉगिन मागायला लागलं, परत आल्या, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि मावशीला म्हणाल्या, "अगं, छान दिसतंय सगळं, पण ऑर्डर द्यायची कुठे यात?"

मी आणि मावशीने एकमेकांकडे बघितलं. दोन वर्षांत आख्ख्या ब्लॉगवर कुठेही नंबर नव्हता. मग साइडबारचं, लेखाचं सगळं राहू दे बाजूला म्हटलं आणि हेडरच्या, म्हणजे ब्लॉगच्या नावाच्या पट्टीच्या, खाली, सगळ्यात वर, व्हॉट्सअ‍ॅपची एक लिंक टाकली, बोट लावलं की थेट मावशीशी चॅट उघडेल अशी. काकूंनी तिथेच उभ्या उभ्या दाबून बघितली. आतल्या खोलीत मावशीचा फोन वाजला, अर्धा किलो चकली, तिखट कमी.